शिळं पाणी

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरात पहाट व्हायची ती मोटरच्या आवाजानं. खाली जिन्यामागे जाळीचं एक खोपट होतं, त्यात ती बसवलेली होती. चौकीदारानं बटण दाबलं की आधी ती नुसतीच कण्हायची, मग खोकायची, आणि मग एकदाची चालू व्हायची. त्या पहिल्या कण्हण्यालाच आई अंथरुणात उठून बसलेली असायची. डोळे मिटलेलेच, हात मात्र अंबाडा घालतायत. मग ओट्याच्या कडेचा नळ फुसफुसायचा, बराच वेळ नुसता वारा सोडायचा आणि मग करंगळीएवढ्या धारेनं गोडं पाणी यायला लागायचं. ते दिवसाआड यायचं, कारण सोसायटीच्या हौदात टँकर दिवसाआड रिकामा व्हायचा, आणि मोटर थांबली की संपलं. तेवढ्यात कळश्या, हंडा, स्टीलची पिंपं, कुकरची भांडी, दुधाची पातेली, अगदी पाहुण्यांसाठी ठेवलेला काचेचा जग, सगळं भरून घ्यायचं. आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की विचारायच्या, "यार, तुम्हारे यहाँ शादी है क्या?"

दुसरा नळ सिंकवरचा. त्याला दिवसभर पाणी, पण ते बोअरिंगचं, खारं. त्यानं भांडी घासायची, कपडे धुवायचे, अंघोळी करायच्या. भांड्यांवर पांढरे डाग पडायचे, टॉवेल वाळून पापडासारखे कडक व्हायचे आणि माझे केस म्हणजे नारळाची शेंडी. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा न् दाणा वेगळा. त्यामुळे आमच्या घरी काय शिजणार हे टँकरवर ठरायचं. टँकर आला की वरण-भात, नाही आला की मुगाची खिचडी. ज्या दिवशी वरण व्हायचं त्या दिवशी ते असं लोण्यासारखं मऊ व्हायचं, वर तूप, लिंबू आणि आत्यानं पाठवलेलं मेतकूट, की त्या एका ताटासाठी मी कॉलेजातून धावत यायची. न्हायच्या दिवशी आई मला शेवटचा एक मग गोड्या पाण्याचा द्यायची, केसांवरून ओतायला. एकच. तो मग मी दोन्ही हातांनी धरून बाथरूममध्ये न्यायची. आज माझ्या बाथरूममध्ये शॉवर आहे, गरम-गार सगळं आहे, आणि त्या एका मगाचं सुख काही केल्या मिळत नाही. म्हातारपणाकडे झुकलेल्या बाईचं हे रडगाणं समजा हवं तर.

हे घर आईला नको होतं. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि आमचं सगळं बालपण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी मद्रासी, वर बंगाली, समोर गढवाली, आणि नळाला धो धो पाणी. लग्न करून आई पुण्याहून आली तेव्हा बाबांनी तिला सांगितलं होतं, "नोकरी आहे तोवर दिल्ली, मग पुणं." हे वाक्य आमच्या घरात देवाच्या तसबिरीसारखं होतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्यात लू, म्हणजे तिथला गरम वारा, लागून आई आडवी पडली की म्हणायची, "असू दे, थोडेच दिवस." थंडीत कपडे वाळेनासे झाले की तेच. आणि बाबांच्या रिटायरमेंटच्या आधी ऑफिसातल्या लोकांच्या सोसायटीत त्यांच्या नावाचा फ्लॅट निघाला. बाबा पेढे घेऊन घरी आले. "सुमन, आपलं घर! स्वतःचं!" आईनं पेढा देवापुढे ठेवला, नमस्कार केला आणि म्हणाली, "म्हणजे पुणं नाही." बाबा म्हणाले, "अगं, पुणं काय पळून जातंय?" आई दुसऱ्या दिवसापासून पोती आणि सुतळी गोळा करायला लागली.

तेव्हा दिल्लीत सगळं नवं नवं येत होतं. टीव्हीवर ढीगभर चॅनल, रस्त्यावर रंगीत गाड्या, बाजारात परदेशी चॉकलेटं. देश उघडला, असं बाबा पेपर घडी करत म्हणायचे. "उघडला खरा, तेवढा आपला नळ राहिला," असं आई आतून म्हणायची. द्वारका म्हणजे तेव्हा माळरान. अर्धवट बांधलेल्या इमारती, मधे वाळू, पलीकडे मोहरीची पिवळी शेतं. बस फिरकायची नाही, रिक्षावाला नाव ऐकताच मान हलवायचा. आज तिथे मेट्रो आहे आणि लोक द्वारका म्हटलं की "अच्छा, द्वारका!" असं म्हणतात. तेव्हा म्हणायचे, "अरे बाप रे, इतनी दूर?"

पण उगाच सगळंच वाईट होतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. थंडीत बाल्कनीत ऊन यायचं. रविवारी आई, मी आणि शेजारच्या चोप्रा आंटी तिथे मटार सोलत बसायचो. शेंगदाणे, तिळाची गजक, मुळ्याला मीठ लावून. वरून विमानं इतकी खालून जायची की आंटी हात हलवायच्या आणि आईला म्हणायच्या, "भाभीजी, आप भी हिलाओ, किसी दिन कोई रोक लेगा." आई हसायची. तिचं हसू त्या घरात मी बाल्कनीतच पाहिलं, स्वयंपाकघरात क्वचित.

मग त्या हिवाळ्यात आत्या यायची ठरली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पुण्याच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. बाबा तिला आक्का म्हणायचे, आई वन्सं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, पण घर स्वतःचं, आणि त्याच्या वरच्या दोन खोल्या तिनं भावासाठी म्हणून रिकाम्या ठेवल्या होत्या. एसटीडी बूथवरून फोन केला की ती दर वेळी विचारायची, "कधी येताय राहायला?" आणि बाबा दर वेळी फुशारकी मारायचे. "आक्का, तू बघच एकदा हे घर. हवा काय, उजेड काय! पाणी? चोवीस तास! नळ बंद करायला विसरतो आम्ही." बूथच्या काचेबाहेर उभी राहून आई हे ऐकायची. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्या नजरेचं फार वाईट वाटलं.

आत्या येण्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी आम्हाला दोघींना समोर बसवलं. "हे बघा, आक्काला पाण्याचं काही कळता कामा नये. पाहुणी आहे, आठ-दहा दिवसांनी जाईल. उगाच तिच्या डोक्याला ताप नको." ताप तिच्या डोक्याला नव्हता होणार, बाबांची मान खाली जाणार होती, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. आई म्हणाली, "बरं." इतक्या पटकन म्हणाली की मला संशयच आला. नंतर पोळ्या लाटताना मी विचारलं, "तू सांगत का नाहीस आत्याला? तुला तर पुण्याला जायचंय ना?" ती लाटणं न थांबवता म्हणाली, "मी सांगितलं तर ती कुरकुर झाली गं. त्यांना स्वतःला दिसलं, की मग खरं." म्हणजे आई वाट पाहत होती. मी मात्र बाबांच्या बाजूची. माझं कॉलेज, माझ्या मैत्रिणी, माझं सगळं इथेच होतं, पुण्यात मला कोण ओळखत होतं? तिथे गेले की चुलत बहिणी माझ्या मराठीला हसायच्या.

आत्या आली ती भाजणी, कुरडया, मेतकूट आणि स्वतःचं पितळी फुलपात्र घेऊन. आणि गंमत म्हणजे तिला घर आवडलं! बाल्कनीत उभी राहून म्हणाली, "वसंता, उजेड छान आहे हो." बाबा असे फुलले की काही विचारू नका. पण अंघोळ करून आली ती चेहरा वाकडा करून. "काय रे, साबण खराब आहे का? फेसच येत नाही." बाबा म्हणाले, "दिल्लीची हवा कोरडी ना आक्का, फेस टिकत नाही." मी तोंडात पदर कोंबला असता, पण अंगात स्वेटर होता. दुसऱ्या दिवशी आत्यानं विचारलं, "एवढी भांडी भरून का ठेवता? नळ आहे ना?" बाबा म्हणाले, "सुमनला सवय आहे." आईनं बाबांकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलणार. पण तिनं पाण्याचं भांडं उचललं आणि देवाच्या खोलीत गेली.

असे तीन-चार दिवस गेले. ज्या पहाटे मोटर लागायची त्या पहाटे आई दबक्या पावलांनी सगळं भरायची, आत्याला जाग येऊ नये म्हणून कळशीत फडकं घालून, म्हणजे धार वाजायची नाही. स्वतःच्याच घरात चोरासारखी. मी हे पाहत होते आणि तरी अंथरुणातच पडून राहायची. त्या वयात झोप फार गोड असते, दुसरं काय सांगू.

मग एका संध्याकाळी चौकीदार सांगत आला की टँकरची गाडी बिघडली आहे, उद्या मोटर लागणार नाही, परवाचंही सांगता येत नाही. घरात जेवढं आहे तेवढं पुरवायचं. आईनं पातेली झाकली, पिंपांवर ताटल्या ठेवल्या आणि म्हणाली, "चला, म्हणजे उद्या उठायला नको." तिच्या आयुष्यातली ही चैन. जेव्हा पाणी येणार नसायचं तेव्हाच तिला झोपायला मिळायचं.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती भांडी घासल्याच्या आवाजानं. बाहेर धुकं होतं, उजाडलं होतं की नाही कळत नव्हतं. आई माझ्या शेजारी गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडं. मला वाटलं कामवाली आली असेल. स्वयंपाकघरात जाऊन पाहते तो आत्या! शाल कमरेला गुंडाळलेली, समोर कळश्या आणि हंडा चिंचेनं घासून सोन्यासारखे लखलखीत, आणि सगळे काठोकाठ भरलेले. पिंपंसुद्धा. मला पाहून म्हणाली, "झोपू दे गं तिला. म्हटलं रोज एकटी मरते, आज आपण करू. सगळं शिळं पाणी तसंच ठेवलेलं होतं, ओतून टाकलं आणि ताजं भरून घेतलं. हा कडेचा नळ बिघडलाय वाटतं, त्या दुसऱ्यानं भरलं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे, म्हणजे पुण्याच्या जुन्या घरांत, रात्रीचं पाणी सकाळी शिळं. ते प्यायचं नाही, देवाला तर नाहीच नाही. उठल्याबरोबर ते ओतायचं, भांडी घासायची, नवं भरायचं. आईनंसुद्धा आर. के. पुरमला हेच केलं होतं, रोज, न चुकता. द्वारकेला आल्यावर पहिल्यांदा शिळं पाणी देवाला वाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पाहिलं होतं. आत्याचं काहीच चुकलं नव्हतं. तिला आम्हीच सांगितलं होतं की इथे चोवीस तास पाणी आहे. दोन-तीन दिवस पुरवायचं सगळं गोडं पाणी मोरीतून वाहून गेलं होतं आणि घरभर खारं पाणी झळझळत होतं.

मी बाबांना उठवलं, कानात सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "गप्प बस. मी बघतो." काय बघणार होते कोण जाणे. तोवर आत्यानं चहा टाकला होता. आईही उठून आली, भांड्यांची चमक पाहून जागच्या जागी थबकली. तिला मला काही सांगावं लागलं नाही. कडेच्या नळाकडे पाहिलं, सिंकच्या नळाकडे पाहिलं, मोरीकडे पाहिलं आणि पाटावर बसली.

आत्यानं सगळ्यांना चहा दिला. बाबांनी पहिला घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा क्षणभर असा झाला की मला हसूच आलं असतं. पण पठ्ठ्यानं गिळला. वर म्हणाले, "वा आक्का! तुझ्या हातचा चहा म्हणजे..." आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा. आईनं कपाला हात लावला नव्हता, ती नुसती त्यांच्याकडे पाहत होती. आत्यानं स्वतःचा कप तोंडाला लावला आणि तो घोट सरळ सिंकमध्ये थुंकला. "अग्गंबाई! हे काय? पाणी मचूळ आहे का साखरेच्या जागी मीठ घातलं मी?" मचूळ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं आम्ही खारं खारं करत होतो.

बाबा म्हणाले, "छे, चांगला झालाय की."

"वसंता, कप खाली ठेव." आत्याचा शाळेतला आवाज. बाबांनी ठेवला. "आता खरं सांग."

आई बोलली. पाटावर बसल्या बसल्या, आवाज न चढवता, सगळं. टँकर, मोटर, दोन नळ, न शिजणारी डाळ, फडकं घातलेली कळशी. "गोडं पाणी नाही वन्सं इथे. तुम्ही ओतलं ते दोन दिवसांचं होतं." आत्याचा चेहरा उतरला. इतकी करारी बाई, पण तिला काय करावं कळेना. ती त्या लखलखीत हंड्याकडे पाहत राहिली. "अगं, मला एका शब्दानं सांगायचं होतंत," एवढंच म्हणाली. मग बाबांकडे वळली. "आणि तू काय ढिम्म बसलायस? बादली घे, कुणाकडून तरी प्यायला पाणी आण." बाबा खाल मानेनं बादली घेऊन चोप्रांकडे गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भिंतीपलीकडून चोप्रा आंटींचा आवाज ऐकू आला, "अरे भाईसाहब, आप? भाभीजी ठीक तो हैं?"

आत्या आईच्या शेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "सुमन, पुरे झालं हे. वरच्या खोल्या झाडून-पुसून तयार आहेत. त्याचं मी बघते, मी सांगितलं की तो नाही म्हणणार नाही. चल माझ्याबरोबर, पुण्याला."

आई ज्याची वाट बघत होती ते हेच, शब्दान् शब्द हेच. आता कॉलेज गेलं, मैत्रिणी गेल्या, सगळं गेलं असं मी मनात धरूनच चालले. पण आई म्हणाली, "वन्सं, एक सांगू? राग मानू नका. लग्न झाल्यापासून माझ्यासाठी कुणी पाणी भरलं असेल तर ते आज तुम्ही. त्यातला एक थेंब पिता येत नाही, पण भरलंत." तिनं हंड्यावर हात ठेवला. "पुण्याला येऊन काय करू? तिथे नळाला पाणी असेल. पण पहाटे उठून ते भरणार कोण? मीच ना? जागा बदलून काय होतंय. दमले हो मी. मला आता पुणं नको, काही नको. मला एक दिवस झोपू दे कुणीतरी."

बाबा दारात उभे होते, हातात भरलेली बादली. किती वेळ उभे होते माहीत नाही. त्यांनी ती बादली ओट्याशी आणून ठेवली, थोडं पाणी सांडलं, आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आत्यानं पुन्हा पुण्याचं नाव काढलं नाही. त्या दिवशी चोप्रांच्या पाण्यात खिचडी झाली. बाबा जेवायला बसले तेव्हा आईनं त्यांना वाढलं, नेहमीसारखंच, तूपसुद्धा नेहमीएवढंच.

त्यानंतर बाबा आयुष्यभर पाणी भरत राहिले असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. काही दिवस भरलं, मग त्यांची कंबर धरली, मग उन्हाळा आला, मग नेहमीची कारणं, आणि हळूहळू सगळं पुन्हा आईकडे आलं. पुण्याला ती कधीच राहायला गेली नाही. मी लग्न होऊन गेल्यावर तर एकटीच भरायची. माणसं एका सकाळीत बदलत नाहीत, आणि बदलली तरी टिकत नाहीत, असं माझं तरी मत झालंय. पण ती पहिली पहाट मला विसरता येत नाही.

टँकर आला होता. खाली मोटर कण्हली. आई सवयीनं उठून बसली, अंबाड्याकडे हात गेले. तेवढ्यात स्वयंपाकघरातला दिवा लागला आणि चपलांचा आवाज आला. मग नळाचा वारा, मग रिकाम्या कळशीत धार, मोठ्यांदा, ढणाढण, फडकं वगैरे काही नाही. आत्यानं पलीकडच्या खोलीत कूस बदलली. आई तशीच बसून ऐकत होती.

"आई," मी कुजबुजले, "बाबा आहेत."

"हं."

"तू नाही उठायची?"

ती आणखी थोडा वेळ ऐकत राहिली. मग आडवी झाली, रजई कानावर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कळशी विसळली नाही त्यांनी."

आणि झोपली.